बर्फ ओसरला, आता लॉनचं काय करायचं?

मार्चअखेरीला बर्फ ओसरला की न्यू जर्सीपासून मिनेसोटापर्यंत आणि सीमेपलीकडे ओन्टारिओतही घरापुढची लॉन्स साधारण सारखीच दिसतात. गवत वाळक्या पेंढ्याच्या रंगाचं, मध्येच राखाडी चट्टे, ड्राइव्हवेच्या कडेने करपलेली पट्टी आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीने रस्त्याच्या बाजूला उखडून टाकलेली ढेकळं. त्याच आठवड्यात दुकानांच्या दारात खतांच्या, बियांच्या आणि तणनाशकांच्या पिशव्यांची थप्पी लागते. शेजारी गाडी भरून आणतो. मग आपल्यालाही राहवत नाही.

जरा दम धरा. यातलं बहुतेक गवत जिवंत आहे, फक्त अजून जागं झालेलं नाही. वसंतात लॉनसाठी करण्यासारखी कामं खरं तर थोडीच असतात. ती कोणत्या क्रमाने आणि जमीन किती तापल्यावर करायची, एवढं सांभाळलं तर निम्म्या पिशव्या दुकानातच राहतील.

आधी गवताचा स्वभाव

या भागातलं गवत म्हणजे प्रामुख्याने केंटकी ब्लूग्रास, परेनियल रायग्रास आणि टॉल फेस्क्यू, बहुधा तिन्हींचं मिश्रण. ही थंड हवेची गवतं. हवा १५ ते २४ अंश सेल्सियस असताना ती जोमाने वाढतात आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात मंदावतात. आपल्या मनात बसलेलं गवत वेगळं असतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजे शेतकऱ्याला नको झालेली हरळी, अमेरिकेच्या दक्षिणेत बर्म्युडाग्रास म्हणून लॉनमध्ये मुद्दाम लावतात. तिला ऊन हवं. थंडीत ती तपकिरी पडते आणि उन्हाळ्यात फोफावते. त्यामुळे डॅलस-अटलांटाकडच्या कुणाचा व्हिडिओ पाहून न्यू जर्सीत कामाला लागू नका. तिकडचं वेळापत्रक इकडे जवळजवळ उलटं पडतं.

१. माती कोरडी होईपर्यंत लांब राहा

बर्फ वितळताना वरची माती चिखल असते आणि खाली अजून गोठलेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. अशा वेळी लॉनवर चालणं, मुलांना खेळू देणं किंवा ढकलगाडी फिरवणं म्हणजे माती दाबून मुळांची हवा बंद करणं. चाचणी सोपी आहे. मूठभर माती घेऊन दाबा आणि तिच्या गोळ्याला अंगठ्याने ढोसा. गोळा भुसभुशीत फुटला तर कामाला लागा, नुसता चेपला तर आणखी काही दिवस थांबा. तोवर करायचं काम एकच: सावलीत किंवा उत्तरेच्या बाजूला फावड्याने रचलेले बर्फाचे ढीग अजून असतील, तर ते फुटपाथवर उभं राहून फोडून पसरून टाका. त्याखालचं गवत आधीच सगळ्यात जास्त काळ कोंडलेलं असतं.

२. मेलंय की जिवंत आहे, ते बघा

पिवळ्या गवताची एक जुडी चिमटीत धरून हलकेच ओढा. मुळासकट सहज हातात आली तर लक्षण बरं नाही. चिवटपणे अडली तर आशा आहे. खात्री हवी असेल तर खुरप्याने बोटभर खोलीचं एक ढेकूळ काढा आणि माती झटका. पानं जिथे संपतात आणि मुळं सुरू होतात तिथे, मातीच्या पातळीलाच, एक जाडसर पांढुरका सांधा असतो. त्याला क्राउन म्हणतात, आणि गवताचा सगळा जीव त्यात असतो. नखाने तो उभा चिरा. आत पांढरा, टणक आणि ओलसर असेल तर वरची सगळी पानं वाळलेली असली तरी रोप उठेल. तपकिरी आणि लिबलिबीत असेल, किंवा कोरडा पडून चुरत असेल, तर ते रोप गेलं.

सखल जागी, जिथे वितळलेलं पाणी साचून पुन्हा बर्फाची लादी झाली होती, तिथे ही तपासणी नक्की करा. क्राउनमध्ये पाणी शिरलं आणि लगेच कडाक्याची थंडी पडली की आतल्या पेशी फुटतात. परेनियल रायग्रास याला लवकर बळी पडतं. केंटकी ब्लूग्रास बरंच काटक आहे. शिवाय ब्लूग्रास जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी पसरतं, त्यामुळे तळहाताएवढी रिकामी जागा ते आपणहून भरून काढतं. रायग्रास आणि टॉल फेस्क्यू मात्र झुबक्याने वाढतात, त्यांच्यातली भोकं बहुधा बी टाकूनच भरावी लागतात.

३. चट्टे ओळखा

बर्फाखाली दीर्घकाळ दबलेल्या गवतावर गोल, राखाडी, चिकटून बसलेले चट्टे दिसतात, कधी त्यावर तंतूंची जाळीही असते. ही बर्फाखालची बुरशी, स्नो मोल्ड. राखाडी जात सहसा पानंच खाते, क्राउन वाचतो. गुलाबी जात अधिक वाईट. ती क्राउनपर्यंत जाऊ शकते आणि तिला बर्फाचीही गरज नसते, थंड ओलावा पुरतो. दोन्हींवर उपाय एकच: माती कोरडी झाल्यावर हलक्या दंताळ्याने चिकटलेली पानं मोकळी करा, वारा लागू द्या. आत्ता बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे वाया, कारण ऊन वाढलं की ही बुरशी आपोआप थांबते.

वेड्यावाकड्या, बोटा-दोन बोटांच्या रुंदीच्या वाटा दिसल्या तर तो व्होलचा उद्योग. हा आखूड शेपटीचा उंदरासारखा प्राणी बर्फाखाली सुरक्षित राहून गवत कुरतडत फिरतो. दिसायला भयंकर, पण मुळं शाबूत असतात. कुरतडलेला कचरा झाडून काढा, वाटा मेपर्यंत बऱ्याचशा बुजतात.

ड्राइव्हवे आणि फुटपाथलगतची करपलेली पट्टी मिठाची. रस्त्यावर टाकलेलं खडेमीठ बर्फाबरोबर ढकललं जाऊन कडेच्या मातीत उतरतं. त्यातलं सोडियम मातीची घडण बिघडवतं आणि मुळांना पाणी घेऊ देत नाही. जमीन पाणी पिऊ लागली की तिथे पाइपने सावकाश, भरपूर पाणी सोडा आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा सोडा, म्हणजे मीठ मुळांच्या खाली जाईल. माती चिकण असेल तर आधी जिप्सम पसरल्याने सोडियम सुटून धुऊन जायला मदत होते. पण नुसतं जिप्सम टाकून पाणी दिलं नाही तर काही उपयोग नाही. पुढच्या हिवाळ्यासाठी खडेमिठाऐवजी कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट हे बर्फ वितळवणारं रसायन घेतलं तर गवताला त्रास कमी. किंमत मात्र खडेमिठापेक्षा बरीच जास्त असते.

बर्फाच्या गाडीने उखडलेली ढेकळं लवकर उचला. मुळं कोरडी पडली नसतील तर ती जागेवर बसवून, पायाने दाबून, पाणी दिलं की बऱ्याचदा जगतात.

आणि एखाद्या ठिकाणी गवत सतरंजीसारखं गुंडाळून उचललं जात असेल, स्कंक-रकूनसारख्या प्राण्यांनी उकरलं असेल, तर खाली पांढऱ्या अळ्या शोधा. या बहुधा जपानी भुंगेऱ्याच्या. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली न्यू जर्सीतल्या रिव्हर्टनला. एप्रिल-मेमधल्या अळ्या पूर्ण वाढलेल्या असतात आणि लवकरच खाणं थांबवून कोषात जातात, त्यामुळे आत्ता त्यांच्यावर औषध मारून फारसं हाती लागत नाही. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल हे औषध वसंतात टाकतात, पण ते उन्हाळ्यात जन्मणाऱ्या पुढच्या पिढीसाठी.

४. दंताळं, पण हलक्या हाताने

पानं, काटक्या, कुत्र्याची घाण, रस्त्यावरून आलेली वाळू-खडी आधी उचला. मग पंख्यासारख्या लवचीक दंताळ्याने दबलेलं गवत उभं करा. लोखंडी दातांचं जड दंताळं आत्ता नको, जागे होणारे कोंब त्यात निघून येतात. मोठ्या यंत्राने जुना थर खरवडून काढायचा किंवा माती भोसकायची हौस असेल तर ती सप्टेंबरसाठी राखून ठेवा.

५. बी की क्रॅबग्रासवरचं औषध? एकच निवडा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. क्रॅबग्रास हे वर्षायू तण आहे. वरच्या मातीचं तापमान काही दिवस सलग सुमारे १३ अंश सेल्सियस राहिलं की त्याचं बी उगवू लागतं. त्याच्या आधी जमिनीत उगवणरोधक औषध, उदाहरणार्थ प्रोडायामिन किंवा डायथायोपिर, टाकायचं असतं. पण त्या औषधाला तण आणि तुमचं महागडं गवत यातला फरक कळत नाही. औषध टाकून वर बी पेरलं की तुमचंही बी मरतं, आणि ही अडचण काही महिने टिकते. मेसोट्रायोनसारखा अपवाद आहे, तो अनेक थंड हवेच्या गवतांच्या पेरणीबरोबर चालतो, मात्र पिशवीवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

म्हणून लॉन दाट असेल आणि मागच्या वर्षी क्रॅबग्रासने छळलं असेल तर औषध. मोठाली भोकं पडली असतील तर बी, आणि तण यंदा हाताने उपटायचं. लॉनच्या एका भागात औषध आणि दुसऱ्या भागात बी, असं करायलाही हरकत नाही. वेळ कळायला साधा धातूचा थर्मामीटर सकाळी ५ सेंटिमीटर खोल खुपसा. तो नसेल तर गल्लीतलं फोर्सिथियाचं झुडूप बघा: त्याची पिवळीधमक फुलं गळायच्या आत औषध पडलेलं असावं. टाकल्यावर पाणी द्या, नाहीतर ते वरच राहतं.

ओन्टारिओत २००९पासून घरगुती लॉनवर अशा बहुतेक रसायनांना बंदी आहे. तिथे मक्याचं ग्लूटेन मिळतं, ते फुटणाऱ्या बियांची मुळं रोखतं. पण ते तुमच्याही बियांची मुळं रोखतं, तेव्हा निवड तिथेही करावीच लागते.

६. पेरायचं ठरलं तर

माती १० अंशांच्या वर गेल्याशिवाय बी टाकू नका. न्यू जर्सीत हे साधारण एप्रिलच्या मध्यापासून, टोरोंटोकडे त्याहून थोडं उशिरा. पिशवीवरचं लेबल वाचा: चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी, तणबियांचं प्रमाण. त्यात ॲन्युअल रायग्रास भरपूर असेल तर पिशवी परत ठेवा, ते एका वर्षात संपतं.

मेलेलं गवत काढून जागा बोटाच्या पेराएवढी खरवडा. नुसतं जुन्या गवतावर फेकलेलं बी पक्ष्यांसाठी असतं. टॉल फेस्क्यूचं बी दर हजार चौरस फूट उघड्या जमिनीला ६ ते ८ पौंड लागतं, ब्लूग्रासचं बारीक असल्याने २ ते ३ पौंड पुरतं. विरळ लॉनमध्ये भर घालायची असेल तर निम्मं. वर चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर द्या, बी जेमतेम झाकलं जाईल एवढाच, आणि पायाने दाबा. उतारावर पेंढा पसरा. गवताचा चारा नको, त्यात तणाचं बी असतं.

मग पाणी: दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं, वरचा थर वाळू न देता. रायग्रास ५ ते १० दिवसांत दिसतं, टॉल फेस्क्यू एक-दोन आठवड्यांत, आणि ब्लूग्रास दोन ते चार आठवडे घेतं. ब्लूग्रासच्या बाबतीत दहाव्या दिवशी निराश होऊन पाणी बंद करू नका. उगवल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी आणि खोली जास्त करा. नव्या गवताला दोन-तीन कापण्या होईपर्यंत डँडेलियनसारख्या रुंद पानांच्या तणांवरचं तणनाशक लावू नका.

७. खत कमी आणि उशिरा

मार्चमध्ये टाकलेला नायट्रोजन पानं भराभर वाढवतो आणि मुळं मागे ठेवतो. मग जुलैत तेच गवत आधी मान टाकतं. मागच्या शरदात खत दिलं असेल तर मेअखेरपर्यंत थांबा. नव्या पेरणीला आणि फारच विरळ, फिकट लॉनला दुसऱ्या कापणीनंतर हलकी मात्रा चालेल.

कायदाही बघा. न्यू जर्सीत घरमालकाने १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचं नाही, एका वेळी हजार चौरस फुटांना नायट्रोजन ०.९ पौंडांहून जास्त नाही, आणि माती तपासून गरज दिसल्याशिवाय किंवा नवं गवत पेरताना सोडल्यास फॉस्फरस नाही. मिनेसोटातही फॉस्फरसवर असंच बंधन आहे. हिशेब असा: पिशवीवर २४-०-६ (नायट्रोजन-फॉस्फरस-पोटॅश) असेल तर त्यात २४ टक्के नायट्रोजन, म्हणजे हजार चौरस फुटांना पावणेचार पौंड खतात मर्यादा गाठली. ड्राइव्हवेवर सांडलेले दाणे झाडून परत लॉनवर टाका, नाहीतर पावसाने ते थेट गटारात आणि तिथून ओढ्यात जातात.

मातीची तपासणी राज्याच्या कृषी विद्यापीठाकडून होते. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा आहे. मातीची आम्लता सांगणारा पीएच ६ ते ७ असेल तर चुना टाकायचं कारण नाही.

८. पहिली कापणी

मोअरचं पातं आधी धार लावून घ्या. बोथट पातं गवत फाडतं, दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी दिसतात. टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल राहिलं असेल तर काढून टाका, यंत्र सुरू न होण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. गवत ४ इंचांपर्यंत वाढू द्या आणि ३ इंचांवर कापा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, गवत ओलं असेल तर कापूच नका. कापलेले तुकडे तिथेच राहू द्या, ते सडून थोडं खत परत देतात.

उंच गवत मातीवर सावली धरतं आणि क्रॅबग्रासच्या बियांना ऊन मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये पाऊस बहुधा पुरतो. आठवड्याला इंचभर पाऊस पडला असेल तर जुन्या गवताला स्प्रिंकलर लावू नका. यंदा न भरलेल्या भोकांची आत्ताच मोजमापं लिहून ठेवा, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी बी घेताना अंदाज लागेल. पेरणीला तेव्हाचे दिवस वसंतापेक्षा उजवे: जमीन गरम, हवा गार आणि क्रॅबग्रास मरणाला टेकलेलं.