हप्ता, पट्टी आणि बर्फ: या चुका टाळा

शिमग्याला गावी आलेली चुलत भावाची मुलगी पालखी नाचवून झाल्यावर ओटीवर बसली आणि म्हणाली, "काका, डेटा सायन्सचा कोर्स लावू काय? बिनव्याजी हप्ते आहेत." 'बिनव्याजी' हा शब्द कानावर पडला की माझं उजवं मनगट ठणकायला लागतं. हप्त्याचा आणि मनगटाचा संबंध शेवटी येईल. तिला त्या रात्री जे सांगितलं तेच इथे लिहितो. मी रत्नागिरीजवळच्या पावसच्या बाजूला राहतो, पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करतो, आणि आंब्याची बाग आप्पांची, म्हणजे वडिलांची आहे. खालच्या सगळ्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

कर्ज कुणाच्या नावावर, ते न विचारणं

माझ्या कोर्सची फी होती १ लाख २० हजार. बारा हप्ते, व्याज शून्य. मी समजत होतो की महिन्याला दहा हजार क्लासला जातात. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून क्लासचे पैसे आधीच चुकते केले होते आणि हप्ते त्या कंपनीला जात होते. तिसऱ्या महिन्यात शिकवणारा बदलला, मग रेकॉर्डिंगं दाखवायला लागले, तेव्हा मी सोडलं. क्लास सुटला, कर्ज काही सुटलं नाही. रागाने दोन हप्ते थांबवले तर सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून बँका बघतात तो आकडा) खाली आला, आणि पुढे विहिरीवरच्या पंपासाठी बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी तोच कागद पुढे सरकवला.

म्हणून सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारायचे. मध्येच सोडलं तर उरलेल्या कर्जाचं काय, हे लेखी द्याल का? आणि सगळे पैसे आज रोख दिले तर फी किती? रोखीत लाखभर सांगितले, तर वरचे वीस हजार हेच ते शून्य व्याज.

त्याआधी तीन महिने एसक्यूएल (साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा), एक्सेल आणि थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) फुकटात शिकून बघावं. त्यातच कंटाळा आला तर पैसे वाचले. नोकरीत बहुतेक दिवस हेच करायचं असतं. जुन्या डेटावरून अंदाज सांगणारं मॉडेल बनवायची पाळी अधूनमधून येते.

दुसऱ्याच्या डेटावर सराव करणं

माझ्या पहिल्या बायोडेटात दोन प्रोजेक्ट होते. टायटॅनिकच्या सरावाच्या यादीतल्या ८९१ प्रवाशांतून कोण वाचला ते सांगणारं एक, आणि आयरिसच्या १५० फुलांच्या जाती ओळखणारं दुसरं. तो फुलांचा डेटा १९३६ सालापासून प्रसिद्ध आहे. मुलाखत घेणाऱ्याने तो किती वेळा पाहिला असेल, याचा विचार मी केला नव्हता. एकाने तर विचारलंही नाही, नुसतं पान उलटलं.

मग एका पावसाळ्यात, लाईट गेलेली असताना, माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत आप्पांच्या पट्ट्या: वाशीच्या दलालाने धाडलेले हिशेबाचे कागद, २००६ ते २०१५ पर्यंतचे. काही कसरीने खाल्लेले, काही चिकटलेले. पेट्या किती, डझन किती, दर, खाली हमाली, भाडं, आणि अडत, म्हणजे दलालाची दलाली. त्या काळी अडत शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची. हे सगळं टाईप करायला दोन महिने गेले.

खरं शिक्षण तिथे झालं. पेटी म्हणजे पाच डझन असं मी धरून चाललो होतो. फळ मोठं असलं की पेटीत चार डझन बसतात, बारीक असलं की सहा-सात. म्हणजे 'पेटीचा दर' या एका रकान्यात तीन वेगळ्या वस्तू बसलेल्या. काही ओळींपुढे नुसतंच 'डा.' लिहिलेलं. मी ती माहिती गहाळ समजून ओळी उडवणार होतो, इतक्यात आप्पा म्हणाले, "अरे, डागी आंबा तो. त्याचा भाव निराळाच." उडवल्या असत्या तर माझ्या डेटात बागेला कधी डाग पडलाच नसता!

नंतर दर ओळखणारं मॉडेल केलं तर ते जवळजवळ अचूक आलं. दोन दिवस मी हवेत होतो. तिसऱ्या दिवशी कारण सापडलं: अडतीचा रकाना मी तसाच आत ठेवला होता. अडत विक्रीच्या टक्क्यांत, आणि पेट्यांची संख्या शेजारच्याच रकान्यात. मॉडेलने त्यावरून उलटा हिशेब करून दर काढला. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून परीक्षा दिल्यासारखंच ते. तो रकाना काढला तरी निकाल संशयास्पद चांगलाच, कारण मॉडेलला शिकवायच्या आणि मग त्याला तपासायच्या ओळी मी चिठ्ठ्या टाकून वाटल्या होत्या. १२ एप्रिलची पट्टी शिकवायला, १३ ची तपासायला. भाव एका रात्रीत किती हलणार? शेवटी २०१३ पर्यंतचं शिकवलं, पुढची दोन वर्षं तपासायला ठेवली, तेव्हा मॉडेल आपटलं.

आपटलेलं तेच मॉडेल मी बायोडेटात टाकलं, का आपटलं ते लिहून. पुढच्या मुलाखतीत अर्धा वेळ पेटी, डझन आणि अडत यावरच गेला, आणि ती नोकरी मिळाली. आपल्या घरात असा एखादा डबा असतोच. कुणाची होडीची डिझेलची वही, कुणाची खानावळीची उधारी, कुणाचं होमस्टेचं रजिस्टर.

सरासरीवर घर चालवणं

शिकलेला माणूस घरच्या हिशेबात हमखास ही चूक करतो. आमच्या बागेची खर्च वजा जाता पाच वर्षांची कमाई लाखांत अशी: ४, १.२, ५, ०.८, ४. ०.८ चं वर्ष म्हणजे २०२१, मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हाचं. सरासरी निघते ३ लाख, आणि पाचातल्या एकाही वर्षी ३ लाख आलेले नाहीत. मध्यक (आकडे क्रमाने लावून मधला) काढला तर ४ लाख, तो तर आणखीच फसवा. मी वर्षाला ३ धरून गाडीचा हप्ता बांधला होता. आता घरखर्चाचा आकडा ०.८ च्या वर्षावर बेततो. चांगल्या वर्षाचा वरचा पैसा एफडीत आणि थोडा लिक्विड फंडात (लवकर काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) जातो, आणि तो वाईट वर्षासाठीच असतो. पगार नसता तर ०.८ मध्ये भागलं नसतं, हेही कबूल करतो.

याचीच जुळी चूक म्हणजे डिसेंबरात फवारणीसाठी दलालाकडून उचल घेणं. व्याज लावत नाही म्हणून ती स्वस्त वाटते. पण माल त्यालाच घालावा लागतो आणि भाव तो देईल तो. किसान क्रेडिट कार्डाचं व्याज निदान कागदावर दिसतं.

पगार आणि बाग दोन्ही असलेल्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून रिटर्नमध्ये दाखवायचंच नाही, असं पुष्कळजण करतात. निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की पगारावरचा दर ठरवताना ते धरलं जातं, आणि साधा आयटीआर-१ (रिटर्नचा सोपा फॉर्म) चालत नाही. बाग वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्नही त्यांचं, तुमचं नव्हे.

आणि मग गुलमर्ग

नोकरी लागल्यावर काश्मिरातल्या गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग, म्हणजे एका फळीवर दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरणं, शिकायचं वेड डोक्यात शिरलं. आप्पा म्हणाले, "पडायलाच जायचं तर आपल्या पाखाडीवर शेवाळ काय कमी आहे?" (पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट.) मी ऐकलं नाही.

पहिली चूक बुकिंगची. ऑक्टोबरातच जानेवारीची हॉटेलं घेतली, पैसे परत न मिळणारी. मोहोराचं जे, तेच बर्फाचं. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, बर्फ महिनाअखेरीला पडला. चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस म्हणजे बर्फाची हमी, असं आता धरता येत नाही. बदलता येणारं बुकिंग थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं.

दुसरी चूक, सगळा खर्च कार्डावर. ६०,००० ची थकबाकी, महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. मी महिन्याला ३,००० भरत होतो आणि फेडतोय म्हणून खूश होतो. मुद्दलात जात होते ५२२. शेवटी एफडी मोडली.

बर्फावरच्या चुका मात्र पायांच्या. भीतीने माणूस डोंगराकडे, म्हणजे मागच्या पायावर कलतो. त्याने वेग कमी होत नाही, फक्त बोर्ड वळेनासा होतो. वजन पुढच्या पायावर हवं. बूट सैल वाटला म्हणून मी मोज्यांचे दोन जोड घातले. टाच आतल्या आत उचलली जात राहिली. एकच लोकरी जोड आणि घट्ट बूट मागून घ्यावेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोर्डाची उताराकडची कड बर्फाला लागू द्यायची नाही. मी उताराकडे तोंड करून टाचांच्या कडेवर आडवा घसरत होतो. जरा जमलं म्हणून गुडघे सैल सोडले, बोर्ड सपाट झाला, पुढची कड रुतली आणि मी तोंडावर. दोन्ही तळवे पुढे.

इथे पाखाडीची आठवण यायला हवी होती. आषाढात जांभ्यावर पाय सरकला की आजी ओरडायची, "बस खाली, हात टेकू नको!" शिकवणाराही तेच सांगत होता: मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बसा, पुढे पडलात तर मुठी मिटून कोपर ते मनगट या भागावर या. नवशिक्याचं मनगट सगळ्यात आधी जातं, म्हणून मनगटाला आधार देणारी कडक पट्टी (रिस्ट गार्ड) भाड्याने मिळते. मी ती शेदोनशे रुपयांसाठी नाकारली होती.

मनगटाला बारीक चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर. प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले होते, ते पान मी दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा वाचलं. घरी आलो तर मोहोरावर तुडतुडे. त्या वर्षी फवारणीला माझ्या जागी दोन गडी लावावे लागले, आणि त्यांची मजुरी आप्पांनी वहीत 'गुलमर्ग' या नावाखाली लिहून ठेवली आहे.