दाणेदार फोटोंचा दोष मेगापिक्सेलवर ढकलू नका: या चुका टाळा

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो आणि अख्खं कोल्हापूर मोबाइल-कॅमेरे घेऊन तिथं उतरतं. घरी आल्यावर तक्रार ठरलेली: एवढे मेगापिक्सेल असून फोटोत दाणे (बारीक ठिपके) का?

दाणे ठरतात सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला, एकूण किती प्रकाश मिळाला यावर. ‘फुल फ्रेम’ या मोठ्या प्रकारचा सेन्सर ३६×२४ मिमी, ‘एपीएस-सी’ हा लहान प्रकार साधारण २३.५×१५.६ मिमी. एक्स्पोजर (शटरचा वेळ आणि लेन्सचा एफ-आकडा) सारखंच ठेवलं तरी मोठ्या सेन्सरवर सव्वादोन पटींहून जास्त प्रकाश जमा होतो. ‘एक इंची’ सेन्सर तर प्रत्यक्षात १३.२×८.८ मिमीचाच असतो. म्हणून दुकानात नावावर जाऊ नका, मिलिमीटरमधलं माप विचारा.

मोबाइलमध्ये २०० मेगापिक्सेल मोड अंधारात लावू नका. तिथला एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या मोडमध्ये फोन असे १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि घाटावर तोच सरस ठरतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून दोन कॅमेरे ताडून बघताना. ४५ मेगापिक्सेलचा फोटो २४ पेक्षा खराब वाटतो, कारण आपण तो जास्त मोठा करून बघत असतो. सेन्सर एकाच मापाचे असतील तर दोन्ही फोटो १२×१८ इंचांत छापून बघा, फरक बहुतेक वेळा उरत नाही. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) त्या प्रिंटला १९.४ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे २४ पुरेसे झाले.

पन्हाळ्यावरून दरी टिपताना ‘सगळं शार्प यावं’ म्हणून एफ/१६ किंवा एफ/२२ लावणंही नडतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान). एफ/१६ ला प्रकाशाचा ठिपका विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यानं) सुमारे २१ मायक्रॉनपर्यंत पसरतो, आणि २४ मेगापिक्सेल एपीएस-सीचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. एफ/८ वर थांबा.

खासबागेत कुस्ती टिपायची तर शटर मंद करून चालत नाही. तिथं नव्या बॉडीआधी (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याआधी) लेन्सवर पैसे घाला: ५० मिमी एफ/१.८ मधून कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश येतो. आयएसओ (कॅमेऱ्यातच फोटो उजळवणारी सेटिंग) वाढवायला घाबरून फोटो काळपट काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, ही सवयही सोडा. सावल्यांतले दाणे त्यानंच वर येतात.