हस्तलिखिताचा जुना मालक कसा शोधावा : सोर्बोनच्या १३३८ च्या सूचीचा आधार

रोबेर द सोर्बों यांनी ईश्वरविद्येच्या गरीब अभ्यासकांसाठी १२५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये जे महाविद्यालय स्थापन केले, तेच सोर्बोन. त्याच्या ग्रंथालयात १२९० मध्ये १०१७ आणि १३३८ च्या सूचीनुसार १७२२ ग्रंथ होते. शोध सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : या ग्रंथांची मालकी पॅरिस विद्यापीठाकडे नव्हती, ती या महाविद्यालयाकडे होती. म्हणूनच तिथल्या हस्तलिखितांवर ‘हा ग्रंथ सोर्बोनच्या गरीब अध्यापकांचा आहे’ अशा अर्थाची लॅटिन नोंद आढळते.

प्रथम सूचीतील नोंद नीट वाचावी. ग्रंथाचे नाव आणि दात्याचा उल्लेख यांच्याबरोबरच दुसऱ्या पत्राचे (म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या पानाचे) आरंभीचे शब्द, शेवटून दुसऱ्या पत्राचे आरंभीचे शब्द आणि किंमत तिथे दिलेली असते. यांतील दुसऱ्या पत्राचे शब्द सर्वांत मोलाचे. एकाच ग्रंथाच्या सगळ्या प्रतींचा आरंभ सारखाच असतो. परंतु अक्षराचा आकार, पानाची रुंदी आणि लेखनिकाने वापरलेली संक्षेपचिन्हे प्रत्येक प्रतीत वेगळी असल्यामुळे दुसरे पत्र नेमके कोणत्या शब्दाने सुरू होते, हे सहसा त्या एकाच प्रतीला लागू पडते. आपल्याकडे पोथी हाती आली की अभ्यासक आधी शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखनिकाची समारोपाची नोंद, पाहतो. इथे आधी दुसरे पत्र उलटावे.

मात्र बांधणीसाठी जोडलेली कोरी पत्रे मोजणीत धरू नयेत. पहिले पत्र हरवले असेल, किंवा पुनर्बांधणीत दोन ग्रंथ एकत्र शिवले गेले असतील, तर शब्द जुळणार नाहीत. अशा वेळी शेवटून दुसरे पत्र उपयोगी पडते. मालकीची नोंद खरवडून टाकलेली असल्यास ती अतिनील प्रकाशात पुष्कळदा वाचता येते.

जुळणी झाली, तरी सूचीने एवढेच सिद्ध होते की तो ग्रंथ त्या सुमारास तिथल्या संग्रहाचा होता. त्याआधीचा मालक हवा असेल, तर दात्याच्या नावावरून मागे जावे. १२७२ मध्ये निधन पावलेले ईश्वरविद्येचे अध्यापक जेरार द अबव्हिल यांनी महाविद्यालयाला दिलेल्या ग्रंथांपैकी कित्येक मुळात ग्रंथसंग्राहक रिशार द फुर्निव्हाल यांचे होते, आणि फुर्निव्हाल यांनी स्वतःच्या संग्रहाचे वर्णन ‘बिब्लिओनोमिया’मध्ये करून ठेवल्यामुळे काही प्रतींचा माग आणखी एक पिढी मागे नेता येतो. दैवाने एवढी साथ देणारी उदाहरणे थोडीच.

पुढचा प्रवास शोधताना ग्रंथ साखळीने बांधलेला होता, की तारण घेऊन वाचायला दिला जाणारा होता, हे पाहावे. बाहेर जाणाऱ्या ग्रंथांना हरवण्याची वाट सदैव मोकळी होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सोर्बोनची हस्तलिखिते राष्ट्रीय ग्रंथालयात गेली आणि तिथे लॅटिन विभागात १५१७६ ते १६७१८ हे क्रमांक त्यांना मिळाले. तथापि केवळ क्रमांकावर विसंबू नये, कारण कार्डिनल रिशल्यू यांचा संग्रह सतराव्या शतकात सोर्बोनमध्ये आला होता. त्यामुळे या क्रमांकांतील प्रत्येक ग्रंथ मध्ययुगापासून तिथेच होता, असे गृहीत न धरता दुसऱ्या पत्राचे शब्द सूचीशी ताडून पाहावेत.