बंपरचा रंग पुन्हा का निघतो? या चुका टाळा

दुरुस्त केलेल्या बंपरचा रंग निघाला की सगळा दोष रंगाच्या डब्यावर ढकलला जातो, पण निघालेला पापुद्रा उलटा करून पाहण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही.

निपाणीची एक पांढरी गाडी माझ्याकडे अशीच परत आली. मीच रंगवलेला पुढचा बंपर प्रेशरचे पाणी बसताच सोलवटला होता. तळहाताएवढा पापुद्रा नखाने उचलला, तेव्हा त्याच्या पाठीवरचा करडा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) काचेसारखा गुळगुळीत होता आणि खाली काळे प्लास्टिक कोरे होते. मात्र कंपनीचा जुना रंग जिथे शाबूत होता, तिथे नवा रंग घट्ट बसला होता. घासताना उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर हाताखालच्या पोराने पत्र्याचा नेहमीचा प्रायमर मारला होता आणि घाईत मी ते पाहिले नव्हते. पुष्कळशा बंपरांच्या आतल्या बाजूस ‘पीपी’ (पॉलिप्रोपिलीन) किंवा ‘पीपी + ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेले) अशी उठावाची अक्षरे असतात. हे प्लास्टिक साध्या प्रायमरला धरूच देत नाही. तेव्हापासून उघड्या भागावर प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात मी स्वतः मारतो आणि पुढचा थर डब्यावर दिलेल्या वेळेतच देतो.

दुसरी चूक घासण्याआधी न धुण्याची. पॉलिशमधले सिलिकॉन घासायच्या पेपरच्या ओरखड्यांत शिरले की नंतर कितीही पुसले तरी रंगाला खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाचे पाणी, मग ग्रीस काढणारे द्रावण आणि त्यानंतरच पेपर, हा क्रम मी मोडत नाही. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात धुतलेला बंपर रात्रभर आत ठेवतो, कारण सांधलेल्या चिरेत आणि घड्यांत पाणी दडून राहते. ओलसर हवेत झटपट उडणारे थिनर वापरल्यास रंगावर पांढुरकी झाकही येते.

पत्र्याची पुट्टी बंपरवर भरू नये. बंपर वाकतो, ती वाकत नाही आणि चीर वर उमटते. हार्डनर, म्हणजे थर कडक होण्यासाठी मिसळायचे द्रावण, अंदाजाने ओतणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे. माझ्याकडे मापाचा कप आहे.

एकाच जाड हातात काम उरकण्याची हौस नवशिक्यांना फार असते, पण वरून सुकलेल्या थराखाली थिनर अडकून राहते. संध्याकाळीच चोर्ला घाटाने गोव्याला निघायचे आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी बंपर न रंगवताच गाडी देतो आणि परतल्यावर यायला सांगतो.