दोन वर्षांचं लेकरू पाळणाघरात ठेवताना

पाळणाघर बघायला गेलात की भिंतीवरची चित्रं नंतर बघा, आधी मोरीत डोकावा. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी दिवसाआड नाही, कधी आठवड्याने येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि स्वतःहून वर येता येत नाही. बुडायला चार बोटं पाणी पुरतं, आणि बहुतेक वेळा आवाजही होत नाही. ड्रमला घट्ट झाकण, मोरीला वर कडी आणि कूलर मुलाच्या हाताबाहेर, हे नसेल तर दुसरं पाळणाघर शोधा. "आम्ही लक्ष ठेवतो" एवढ्यावर विसंबू नका. या वयाची चार-पाचांहून जास्त मुलं एकाच ताईंकडे असतील तर लक्ष राहत नाहीच.

रुळवायला दोन आठवडे धरा. पहिले दोन दिवस आईने किंवा आजीने तासभर सोबत बसावं. तिसऱ्या दिवशी सांगून अर्धा तास बाहेर जावं, पहिल्या आठवड्याच्या शेवटी जेवणापर्यंत आणि दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या झोपेपर्यंत ठेवावं. खेळात गुंतलं म्हणून गुपचूप सटकू नका. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून लेकरू पदर सोडत नाही, कारण आई कधीही नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. "चार वाजता येते" याला या वयात अर्थ नाही. "जेवलास, झोपलास, की मी आले" असं सांगा. रोजची वाकळ सोबत द्या, आणि देण्याआधी धुऊ नका. घरचा वास हवा असतो.

डब्यात ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून, वर चमचाभर तूप. नुसत्या वरणाच्या पाण्याने पोट भरतं, अंग धरत नाही. एका जेवणाला पाऊण ते एक मोठी वाटी (सुमारे 250 मिली) पुरे. दिवसात तीन जेवणं आणि दोनदा खाऊ. दूध अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. जास्त दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांच्या अंगात लोह कमी पडतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बिया असलेली बोरं बंद, घशात अडकतात. शेंगदाण्याचं कूट चालतं, द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्या.

रात्र आणि दुपार मिळून झोप 11 ते 14 तास. दुपारी साडेतीननंतर झोपू दिलं तर रात्री घर जागं.

मूल चावलं तर ताईंची किंवा मुलाची तक्रार करत बसू नका. शब्द कमी पडतात तिथे मूल दात वापरतं. "चावायचं नाही, दुखतं" एवढं म्हणून बाजूला घ्यावं, उलट चावून दाखवू नये.

वाढीची परीक्षा घेऊ नका, खेळताना बघा. दोन वर्षांचं मूल पळतं, चेंडूला लाथ मारतं, चमच्याने सांडत का होईना खातं, "गाय कुठंय?" विचारलं की पुस्तकात बोट ठेवतं. साधारण 50 शब्द असतात आणि दोन शब्द जोडले जातात: "पाणी दे", "बाबा गेले". घरी दखनी किंवा लमाणी आणि पाळणाघरात मराठी असेल तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे बोलणं रखडत नाही. मोबाईल हातात देऊन मूल गप्प बसवलं तर बोलायची संधीच जाते.

दोन वर्षं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. येत असलेले शब्द गेले असतील तर त्याच आठवड्यात. "त्याचा बापही उशिराच बोलला होता" हे घरोघरी ऐकू येतं, आणि त्यात सहा-सहा महिने निघून जातात. आधी कान तपासून घ्या. ताट वाजवल्यावर मान वळवणाऱ्या मुलालाही बारीक आवाज ऐकू येत नसतील. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा, माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि पाळणाघरातल्या ताईंनी काय पाहिलं ते कागदावर लिहून घ्या. दिवसाचे आठ तास मूल त्यांच्यासमोर असतं.