डॉक्टर म्हणून दुर्गम पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रुजू होताय? ‘रेफर’ची सवय लावून घेऊ नका

बॉण्ड म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, गळकं क्वार्टर, न लागणारी रेंज, रखडणारा पगार हे सगळं सिनियरांनी सांगितलं असेलच. ते सोसलं जातं. चांगले डॉक्टर दुर्गम भाग सोडतात त्यामागे मला वेगळंच कारण दिसतं: सगळंच रेफर करायची, म्हणजे रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवायची सवय.

ती लागते कशी, ते नीट बघा. रात्री अडलेली बाई येते. भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, तुम्ही 108 बोलावता. योग्यच आहे. मोठ्या रुग्णालयात सगळं सुखरूप होतं, कोणी जाब विचारत नाही. मग सरळ बाळंतपणही पाठवता, मग ताप, मग टाक्यांची जखम. हळूहळू लोक परस्पर तालुका गाठतात. ओपीडीत सर्दी-खोकला उरतो, बसलेला हात सुटतो आणि एका रात्री वाटतं, माझा इथे उपयोग काय? मी याच प्रश्नापाशी राजीनामा लिहून ठेवला होता.

पाठवायचं ते पाठवाच, पण हातातलं करून. सर्पदंशात रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवा. गोठलं नाही तर रिॲक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून ॲड्रेनलिन भरून ठेवा आणि एएसव्ही (सर्पविषावरची लस) तिथेच सुरू करा. रस्त्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. गरोदर बाईला एक्लॅम्प्सियाचे (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे) झटके आले तर ते थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच गाडीत घाला.

डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून जीव वाचवले आणि ते काम ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रुग्ण पुढे पाठवून मोकळे झाले असते, तर हे हाती लागलंच नसतं.

क्वार्टरचं दार लावून वर्षभर ‘नीट-पीजी’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे एमसीक्यू सोडवणार असाल, तर स्पष्ट सांगते, वर्ष फार जड जाईल. अभ्यास जरूर करा, पण ओपीडी संपल्यावर. आणि शिकायचं तर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरकडून शिका. हाताला वळण तिथे लागतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

घाबरू मात्र नका. पहिले महिने सगळ्यांचेच हात थरथरतात. मला टिकवलं ते रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 आणि 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही भत्त्यांसोबत राहण्याची सोय आणि व्यावसायिक पाठबळ आहे. वरिष्ठांनो, पगार वाढवाच, पण फोनही उचला.

रुजू व्हायच्या आधी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन या. तिथल्या डॉक्टरांना समोरासमोर भेटा, रात्री फोन केला तर चालेल का, विचारा. आणि पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं, हे दुसऱ्या दिवशी फोन करून रजिस्टरात लिहा.