काचेवर सोन्याच्या नॅनोकणांचा थर: बसवायचा कसा, तपासायचा कसा

काच साबणाच्या पाण्यात, मग ॲसिटोन आणि इथेनॉलमध्ये प्रत्येकी 10 मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये धुवा. शेवटी पाणी काचेवर सपाट पसरले पाहिजे. थेंब धरत असेल तर पुढे जाऊच नका, थर ठिगळा-ठिगळाचा बसेल. वाळलेली काच इथेनॉलमधल्या 1 टक्का एपीटीईएसमध्ये (सोन्याचे कण काचेला धरून ठेवणारे सिलेन रसायन) 30 मिनिटे ठेवा, इथेनॉलने भरपूर खळबळा आणि 110 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवा. खळबळण्यात कसर राहिली तर सुटे सिलेन द्रावणात उतरून कणांचे पुंजके करते.

मग सायट्रेट पद्धतीच्या (सोन्याच्या क्षारापासून सायट्रेटने कण बनवण्याची रीत), साधारण 15 नॅनोमीटर कणांच्या लालचुटूक द्रावणात काच रात्रभर उभी बुडवा. काढल्यावर शुद्ध पाण्याने धुऊन लगेच नायट्रोजनच्या झोतात वाळवा.

थर दोन्ही बाजूंना बसतो, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारे यंत्र) शोषणही जवळपास दुप्पट येते. हवी ती एकच बाजू ठेवून दुसरी पुसा. बेसलाइनला, म्हणजे तुलनेच्या शून्य मोजणीला, त्याच पाकिटातली कोरी काच घ्या. 520 नॅनोमीटरच्या आसपास एकच शिखर आले तर कण सुटे आहेत. 600 ते 700 दरम्यान फुगवटा दिसला तर ते चिकटलेत: शेजारी कणांमधली इलेक्ट्रॉनांची दोलने एकमेकांत गुंततात, शिखर लाल टोकाकडे सरकते आणि थर जांभळा-निळा दिसतो.